हरण्याचा हक्क

१६ सप्टेंबर २०१७ च्या दुपारी दाजींचा संदेश आला. एक आकडा आणि एक शब्द. आकडा ५७-०, शब्द 'कोटा'. पुढे काही नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघापायी घसा बसवून घेत वाढलेला माणूस. नोकरीनिमित्त अकरा वर्षे जोहान्सबर्गला राहिले आणि परतताना रग्बीचे वेड घेऊन आले. मी बंगळुरूला असतो. रग्बीवरून भांडणे हाच बरीच वर्षे आमच्यातला मुख्य पत्रव्यवहार आहे. त्या दुपारी मात्र मी उत्तर दिले नाही. आज देतो आहे, आणि ते एकट्या दाजींना नाही. त्या एका शब्दात जो युक्तिवाद दडला आहे तो आपल्याकडे दर प्रवेशपरीक्षेच्या निकालानंतर आणि दर कोसळलेल्या पुलानंतर ऐकू येतो. तो दक्षिण आफ्रिकेतही ऐकू येतो, आणि तिथे तो एका मैदानावर, ऐंशी मिनिटांत, आकड्यांनिशी मांडला जातो म्हणून तपासायला सोपा आहे.

रग्बीशी ज्यांचे देणेघेणे नाही त्यांच्यासाठी थोडे. (देणेघेणे अगदीच नाही असेही नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या 'कलकत्ता कप'साठी भिडतात तो कलकत्त्यातल्या एका बंद पडलेल्या रग्बी क्लबाच्या शिलकी रुपयांची चांदी वितळवून केलेला आहे.) पंधरा-पंधरा जणांचा खेळ. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे पाच गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी दोन. दंडाची किक तीन गुणांची. न्यूझीलंडचा संघ 'ऑल ब्लॅक्स', दक्षिण आफ्रिकेचा 'स्प्रिंगबॉक'. १९२१ पासून हे दोघे एकमेकांशी खेळत आहेत आणि २०१७ पर्यंत झालेल्या आठ विश्वचषकांपैकी पाच या दोघांनीच नेले होते. रग्बीत याहून मोठे वैर नाही, असे दोन्हीकडचे लोक मानतात आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

त्या दिवशी ऑकलंडच्या उत्तरेला अल्बनीच्या मैदानावर मध्यंतराला ३१-० होते. शेवटी ५७-०. आठ ट्राय. स्प्रिंगबॉक संघाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा पराभव. त्याच्या आदल्या वर्षी दरबानला, घरच्या मैदानावर, याच प्रतिस्पर्ध्याकडून ५७-१५ अशी धूळ चाटून झाली होती, आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्सला इटलीकडूनही हार. म्हणजे अल्बनीचा निकाल आभाळातून पडला नव्हता. तरीही शून्य हा आकडा वेगळाच असतो. पंधरा गुण असतील तर माणूस त्यात काहीतरी शोधतो, एखादी चांगली धाव, एखादा तरुण खेळाडू. शून्याला धरायला जागा नसते.

चाहत्यांच्या प्रतिक्रिया वेगवेगळ्या होत्या. न्यूझीलंडच्या लोकांचा आनंद थोडा ओशाळलेला होता. शेजारच्या घरी जेवायला जावे आणि त्यांच्याकडे पीठच नाही असे कळावे, तसा. वैर संपले काय, अशी काळजी जिंकणाराच करू लागला, आणि हरलेल्याला शिवीपेक्षा ही काळजी जास्त लागते. दक्षिण आफ्रिकेत संताप होता. कर्णधार, प्रशिक्षक, मंडळ, सगळ्यांवर. तो संताप मला समजतो. पैसे खर्चून, सकाळी लवकर उठून, जर्सी घालून टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला संतापण्याचा पूर्ण अधिकार आहे. 'खेळ आहे, सोडून द्या' असे त्याला सांगणाऱ्यांशी माझे कधी पटले नाही. सोडून देता येत असते तर तो चाहता कशाला झाला असता?

माझा वाद त्या संतापाच्या एका विशिष्ट वळणाशी आहे. ते वळण दाजींनी एका शब्दात गाठले.

पार्श्वभूमी अशी. तिथल्या रग्बी मंडळाने २०१९ च्या विश्वचषकापर्यंत राष्ट्रीय संघात निम्मे खेळाडू काळे असतील असे उद्दिष्ट सरकारशी ठरवून मान्य केले होते. 'काळे' या शब्दात तिथे आफ्रिकी, मिश्रवंशीय आणि भारतीय वंशाचे, असे सगळेच येतात. आपल्या लोकांनी हे विसरू नये. एप्रिल २०१६ मध्ये तर क्रीडामंत्री फिकिले म्बालुला यांनी अशी उद्दिष्टे गाठली नाहीत म्हणून रग्बीसह चार खेळांच्या संघटनांना मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या यजमानपदासाठी अर्ज करायलाच बंदी घातली होती. ती पुढच्या वर्षी रग्बीपुरती उठली. प्रशिक्षक होते ॲलिस्टर कूट्झे, त्या पदावर आलेले दुसरेच गौरेतर गृहस्थ. पहिले पीटर डी व्हिलियर्स. २००८ मध्ये त्यांची नेमणूक जाहीर करताना मंडळाच्या अध्यक्षांनीच सांगून टाकले होते की निवड केवळ रग्बीच्या कारणांवर झालेली नाही. माणूस खुर्चीत बसायच्या आधीच खुर्चीचा एक पाय कापून ठेवला. त्याच डी व्हिलियर्सच्या संघाने २००९ मध्ये ऑल ब्लॅक्सना एका मोसमात तीनदा हरवले, हे सांगताना लोकांना आजही आठवावे लागते.

तर अल्बनीच्या शून्याचा अर्थ लावायला ही सामग्री तयारच होती. काळा प्रशिक्षक, संघात काळे खेळाडू, समोर शून्य. बेरीज करायला वेळ लागत नाही.

आता दुसरा एक आकडा ठेवतो. १५ जुलै २००६, ब्रिस्बेन. ऑस्ट्रेलिया ४९, दक्षिण आफ्रिका ०. प्रशिक्षक जेक व्हाइट, कर्णधार जॉन स्मिट, दोघेही गोरे. संघ बहुतांश गोरा. आणखी एक. २३ नोव्हेंबर २००२, ट्विकनहॅम. इंग्लंड ५३, दक्षिण आफ्रिका ३. प्रशिक्षक गोरा, कर्णधार गोरा, संघ बहुतांश गोरा. या दोन्ही दिवसांनंतर चाहते संतापले, प्रशिक्षकाचे डोके मागितले, डावपेचांची चिरफाड झाली. पण गोऱ्या माणसाला हा खेळ जमत नाही असा निष्कर्ष काही कुणी काढला नाही. काढला असता तर वेड्यात निघाला असता. जेक व्हाइट टिकले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आणि स्मिटने विश्वचषक आणला.

कूट्झे टिकले नाहीत. २०१८ च्या सुरुवातीला गेले. इथे मी त्यांची वकिली करणार नाही. पंचवीसपैकी अकरा सामने जिंकलेला स्प्रिंगबॉक प्रशिक्षक जाणारच, आणि जायलाच हवा. प्रश्न त्यांच्या जाण्याचा नाही. ४९-० हा जेक व्हाइटचा पराभव राहिला. ५७-० हा मात्र कूट्झेंचा पराभव न राहता एका धोरणाचा आणि एका वर्णाचा पराभव झाला. एकाचे शून्य त्याच्या एकट्याच्या खात्यात जाते, दुसऱ्याचे साऱ्या बिरादरीच्या.

मैदानावरही तेच. अल्बनीत दक्षिण आफ्रिकेचे बरेच काही एकदम बिघडले. लाइनआउट, म्हणजे बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकण्याची रांग, तीही कोसळली. त्यात गोरे होते. विंगवरच्या टॅकल हुकल्या. तिथे काळे होते. पहिल्या चुकीला लोक 'वाईट दिवस' म्हणाले, दुसरीला 'कोटा'. ज्यांचा दिवस वाईट होता त्यांना पुढच्या सामन्यात तो भरून काढता येतो. ज्यांचा कोटा होता त्यांना पुढचे दहा सामने चांगले खेळूनही तो शब्द पुसता येत नाही.

रग्बीचे धावफलक कसे फुगतात हेही पाहिले पाहिजे. या खेळात गुण झाले की पुन्हा सुरुवातीची किक गुण गमावणारा संघ मारतो. म्हणजे ज्याने आत्ताच तुमच्यावर ट्राय केला त्याच्याकडेच तुम्ही चेंडू परत मारता. तो घेऊन ते पुन्हा चालून येतात. तुमचे पुढचे आठ गडी, म्हणजे शंभर-सव्वाशे किलोची माणसे, अडवून अडवून दमतात. दमलेला माणूस उशिरा पोहोचतो, उशिरा पोहोचला की नियम मोडतो, नियम मोडला की दंड, की पुन्हा मागे. पंधरा मिनिटांत दोन संघांतला अंतराचा ओढा नदी होतो. बरोबरीच्या दोन संघांतही हे घडू शकते. अल्बनीनंतर तीनच आठवड्यांनी, ७ ऑक्टोबरला, केपटाउनच्या न्यूलँड्सवर हेच दोन संघ पुन्हा भिडले. न्यूझीलंड २५, दक्षिण आफ्रिका २४. प्रशिक्षक तेच, उद्दिष्ट तेच, 'कोटा' तोच. छप्पन्न गुणांची 'लायकी' तीन आठवड्यांत कुठून आली, हे दाजींनी मला अजून सांगितलेले नाही.

पण हे सगळे वरवरचे झाले. मूळ गोष्ट जुनी आहे.

दक्षिण आफ्रिकेने पहिली कसोटी १८९१ मध्ये खेळली. पहिला काळा स्प्रिंगबॉक, एरल टोबायस, १९८१ मध्ये संघात आला. मधली नव्वद वर्षे शंभर टक्के आरक्षण होते. या काळात काळे लोक रग्बी खेळत नव्हते असे नाही. ईस्टर्न केपमधल्या मिशनच्या शाळांत, केपटाउनच्या वस्त्यांत एकोणिसाव्या शतकापासून क्लब होते, त्यांच्या स्पर्धा होत्या, त्यांचे वैर होते. त्यांची मैदाने खडकाळ आणि त्यांचे धावफलक कुणी जपून ठेवलेले नाहीत, एवढेच. १९९५ चा विश्वचषक मंडेलांच्या हातून स्वीकारणाऱ्या त्या सुप्रसिद्ध संघात काळा खेळाडू एक, चेस्टर विल्यम्स. २००७ च्या अंतिम सामन्यात सुरुवातीच्या पंधरांत दोन.

आणि न्यूझीलंड? आज ज्यांचा हाका पाहायला जग जमते त्या संघाने १९२८, १९४९ आणि १९६० या तिन्ही दौऱ्यांवर जाताना आपले माओरी खेळाडू घरी ठेवले, कारण यजमानांना ते चालत नव्हते. १९२८ मध्ये मागे राहिलेल्यांत जॉर्ज नेपिया होता, त्या देशाने पाहिलेल्या सर्वश्रेष्ठ फुलबॅकांपैकी एक. १९६० मध्ये 'माओरी नाहीत तर दौरा नाही' अशी मागणी करत दीड लाखांच्या आसपास लोकांनी सह्या केल्या, दौरा झालाच. १९७० मध्ये माओरी आणि सामोअन वंशाचे खेळाडू नेले ते 'मानद गोरे' म्हणून. हा शब्दप्रयोग कुणा उपहासकाराचा नाही, सरकारी सोय होती. १९४९ ची मालिका न्यूझीलंडने ४-० अशी गमावली, आणि ती आजही दोन्ही देशांच्या पुस्तकांत ४-० अशीच आहे. तिच्यापुढे कंस करून कुणी 'कोट्यामुळे' असे लिहीत नाही. दोन संघ, दोघेही वंश पाहून निवडलेले, आणि त्यांच्या निकालाला इतिहास म्हणायचे. मग एका संघाने दार उघडायला सुरुवात केली की लगेच निकालांना चौकशीसमिती बसवायची.

'गुणवत्ता' हा शब्द नेहमी दार उघडल्यानंतरच का आठवतो? दार बंद असताना आत कोण बसले होते, ते कशाच्या बळावर बसले होते, याचा हिशोब कुठल्या धावफलकावर आहे?

इथे एक आडवाट घेतो, कारण ती मला टाळता येत नाही. अल्बनीचा निकाल पाहून आनंदलेले दक्षिण आफ्रिकीही होते. केपटाउनच्या मिश्रवंशीय वस्त्यांत ऑल ब्लॅक्सचे चाहते पिढ्यान्‌पिढ्या आहेत. न्यूझीलंडच्या क्रुसेडर्स क्लबावरून त्यांना 'केप क्रुसेडर्स' म्हणतात. वर्णद्वेषी राजवटीत न्यूलँड्ससारख्या मैदानांवर काळ्यांना वेगळ्या कोंडवाड्यात बसवत, आणि तिथून ते पाहुण्या संघाच्या नावाने ओरडत. स्प्रिंगबॉक हरला की राजवट हरली. रॉबेन बेटावरचे कैदीही परक्या संघाच्याच बाजूने असत, हे मंडेलांनी पुढे सांगितले आहे. आजोबांनी ज्या संघासाठी टाळ्या वाजवल्या त्याच्यासाठीच नातूही वाजवतो. राजवट गेली, टाळ्या राहिल्या. त्यांना आता 'देशद्रोही' म्हणतात. ऑल ब्लॅक्सची जर्सी घालून मैदानावर येणाऱ्या माणसाला 'मग तिकडेच जा की' असे ऐकवले जाते. हे वाक्य आपल्या कुठल्याही भाषेत भाषांतर न करता समजते.

मला विचाराल तर ज्याला नव्वद वर्षे संघात घेतले नाही त्याने संघाच्या बाजूने नसावे हे काही आश्चर्य नव्हे. आश्चर्य हे की इतके जण त्याच्या बाजूने आले. खरी गंमत अशी की जो चाहता ५७-० नंतर 'कोटा' म्हणतो तोच या माणसाला निष्ठा विचारतो. संघ तुझा आहे असे मान, पण संघ हरला तर ते तुझ्यामुळे, असा हा करार आहे. कोण सही करील?

आता माझ्या बाजूकडे वळतो. इथवरचे वाचून माना डोलावणाऱ्या मित्रांना पुढचे आवडणार नाही.

२८ मे २०१८ ला सिया कोलिसी कसोटी संघाचा कर्णधार झाला, पहिला काळा कर्णधार. पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्विडे वस्तीतला मुलगा, शिष्यवृत्तीवर मोठ्या शाळेत गेलेला. अल्बनीच्या त्या संघात तो होता. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, म्हणजे अल्बनीला वर्ष व्हायला एक दिवस उरला असताना, त्याच्या संघाने वेलिंग्टनला न्यूझीलंडला ३६-३४ असे हरवले. २ नोव्हेंबर २०१९ ला योकोहामात इंग्लंडला ३२-१२ हरवून विश्वचषक. सुरुवातीच्या पंधरांत सहा काळे. दोन्ही ट्राय माकाझोले मापिंपी आणि चेस्लिन कोल्बे यांचे. अल्बनीचा कर्णधार एबेन एत्झेबेथही त्या पंधरांत होता. २०२३ मध्ये पुन्हा विश्वचषक, अंतिम फेरीत न्यूझीलंडवर १२-११. आणि मग १३ सप्टेंबर २०२५, वेलिंग्टन. मध्यंतराला न्यूझीलंड १०-७ ने पुढे. उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेचे ३६ गुण, न्यूझीलंडचे शून्य. निकाल १०-४३. ऑल ब्लॅक्सच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातला सर्वांत मोठा पराभव, तोही घरी. कोल्बेचे दोन ट्राय. हा कोल्बे अल्बनीच्या वेळी संघातही नव्हता. अंगाने लहान म्हणून मायदेशी फारसे कुणी विचारले नाही आणि तो फ्रान्सला खेळायला गेला होता. संघात कोण 'लायकी नसताना' आले याची मोजदाद चालली होती तेव्हा लायकी असून कोण बाहेर आहे हे कुणाच्या ध्यानात नव्हते.

त्या दुपारी मी दाजींना संदेश पाठवला. एक आकडा आणि एक शब्द. १०-४३. 'कोटा'.

पाठवताना जो आनंद झाला तो मी नाकारत नाही. आठ वर्षे दाबून ठेवलेली गोष्ट होती. समविचारी मित्रांनी वाहवा केली, एकाने तो पुढे दहा जणांना धाडला. पण रात्री उशिरापर्यंत मला ते टोचत राहिले. मी दाजींचाच तर्क उचलला होता आणि फक्त आकडा बदलला होता. ४३ गुणांनी धोरण बरोबर ठरत असेल तर ५७ गुणांनी ते चूक ठरले होते, हे मला मान्य करावे लागेल. आणि उद्या पुन्हा ५७ झाले तर पुन्हा चूक. म्हणजे झ्विडेच्या मुलाने मैदानावर असावे की नाही हे दर शनिवारी संध्याकाळी ठरणार.

पुरोगामी म्हणवणाऱ्यांची ही खोड जुनी आहे. वंचितांतला एक कुणी शिखरावर पोहोचला की आम्ही त्याचा फोटो घेऊन धावतो: पाहा, सिद्ध झाले. काय सिद्ध झाले? की तो अपवादात्मक आहे. गोऱ्या संघाला कधी काही सिद्ध करावे लागले नाही. त्यांच्यात ग्रेट होते, बरे होते, आणि निव्वळ सामान्यही होते, जे दोन कसोट्या खेळले आणि विसरले गेले. समता आली हे मी कधी म्हणेन? साधारण काळा खेळाडू साधारण खेळून, हरून, घरी जाऊन झोपू शकेल आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या भाच्याला शाळेत त्याबद्दल काही ऐकावे लागणार नाही, तेव्हा.

कोलिसीने स्वतः २०१९ च्या सुरुवातीला एका मुलाखतीत सांगितले की कातडीच्या रंगासाठी निवडलेले आपल्याला आवडणार नाही; मंडेलांनाही कोटा रुचला नसता असे तो म्हणाला. त्यावर त्याच्यावर टीका झाली, आणि कोटाविरोधकांनी त्याला डोक्यावर घेतले. दोन्ही बाजूंनी त्याचे वाक्य आपापल्या धावफलकावर लिहिले. मला त्यात एका माणसाचा थकवा ऐकू येतो. प्रत्येक धावेनंतर 'हा इथे का आहे' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागणाऱ्या माणसाला तो प्रश्न निर्माण करणाऱ्या शब्दाचा तिटकारा येणारच. तो कलंक आकड्याच्या उद्दिष्टाने लावला की ते उद्दिष्ट पाहून नाक मुरडणाऱ्यांनी? मी दुसऱ्या उत्तराकडे झुकतो. पण धोरण आखणाऱ्यांनाही मोकळे सोडता येत नाही. वरच्या पंधरांत किती हे मोजणे स्वस्त पडते. ज्या शाळांतून स्प्रिंगबॉक तयार होतात त्या बोटांवर मोजण्याइतक्या, भरमसाट फीच्या. कोलिसीला तिथे शिष्यवृत्ती मिळाली म्हणून आपल्याला त्याचे नाव माहीत आहे. ज्या वस्त्यांत मैदानावर गवत नाही तिथे उद्दिष्ट कागदावरही पोहोचलेले नाही. राष्ट्रीय संघाकडे बोट दाखवून मंत्री मोकळे होतात, आणि हरले की सगळा राग त्या दोन-चार खेळाडूंवर निघतो.

आपल्याकडचे उदाहरण दूर नाही. पळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतलेला डावखुरा गोलंदाज. मुंबईच्या सामन्यांत हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी होती; त्या संघाचे कर्णधारपद मात्र चांभाराच्या मुलाला कधी मिळाले नाही. मिळाले ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये, आणि हिंदू तेव्हा जिंकले. ही गोष्ट आपण नेहमी त्या विजयावर आणून संपवतो. विठ्ठलचा संघ त्या वर्षी डावाने हरला असता तर? तर आपण ती सांगितली असती का? सांगितली असती तर कोणत्या सुरात? माझ्याकडे याचे जे उत्तर आहे ते मला स्वतःलाच आवडत नाही.

म्हणून दाजी, तुमच्या २०१७ च्या संदेशाला माझे उत्तर हे की अल्बनीत दक्षिण आफ्रिका वाईट खेळली आणि न्यूझीलंड अप्रतिम खेळले, त्यापलीकडे ५७-० काही सांगत नाही. आणि माझ्या २०२५ च्या संदेशाबद्दल: वेलिंग्टनला न्यूझीलंड वाईट खेळले आणि दक्षिण आफ्रिका अप्रतिम खेळली. तो शब्द मी मागे घेतो. आकडा ठेवून घेतो. आठ वर्षे वाट पाहिली आहे.

दाजींचा फोन त्या रात्रीच आला होता. माझा टोमणा त्यांना लागला असेल असे वाटले होते, पण ते आधी दहा मिनिटे उत्तरार्धातल्या स्क्रमबद्दलच बोलले. पुढे सरकणारी ती आठ माणसे, मागे मागे जाणारी समोरची आठ. त्यांचा आवाज पेठेचा संघ जिंकल्यावर व्हायचा तसा झाला होता. मग म्हणाले, "ते सगळं खरं रे. पण पुढच्या वर्षी हे परत आफ्रिकेत भिडणार. तिथं हरले तर तू काय पाठवणार आहेस?"

२०२६ मध्ये ऑल ब्लॅक्सचा दक्षिण आफ्रिकेतला मोठा दौरा ठरला आहे. सामने आपल्याकडे सोयीच्या वेळी दिसतील, म्हणून दाजी बंगळुरूला येऊन राहतो म्हणाले आहेत.